बटण नसलेला चार्जर

एकतीस वर्षं बॅटऱ्यांचं दुकान चालवलं आणि त्या काळात माझा एकही शर्ट धड राहिला नाही. ॲसिडचा थेंब उडतो तेव्हा कळत नाही. कपडा धुवून वाळत घातला की टाचणीएवढी भोकं दिसायला लागतात. बायको म्हणायची, तुमच्यासाठी शर्ट घेण्यापेक्षा मच्छरदाणी घेतलेली बरी. गेल्या वर्षी लोणावळ्याचं दुकान भाच्याच्या हाती दिलं आणि वडगावला घरी बसलो. आता शर्ट टिकतात. कंबर टिकलेली नाही. ट्रकच्या बॅटऱ्या उचलून उचलून तिचं जे व्हायचं होतं ते झालंय.

दिवाळी अंकवाले अंकासाठी लिहा म्हणाले तेव्हा मी म्हटलं, बॅटरीवाल्याकडे सांगण्यासारखं काय असणार? लोक आमच्याकडे येतात तेच मुळी वैतागून. गाडी सुरू होत नाही, कुठेतरी जायला उशीर झालाय, आणि दोष कुणाला द्यायचा ते ठरत नाही. मग तो आम्हाला देतात. तेवढं ऐकून घेणं हा निम्मा धंदा. उरलेल्या निम्म्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला बरं वाटणार नाही, पण सांगायला माझ्याकडे तीच आहे.

आधी थोडं समजावून सांगायला हवं. बॅटरी नुसती उभी असली तरी उतरते. वापरली नाही म्हणून ती तशीच राहील असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. त्यात हल्लीच्या मोटरसायकलींना घड्याळ असतं, चोर आला तर बोंबलणारा अलार्म असतो. गाडी झाकून ठेवली तरी ते आत थोडं थोडं पीत बसतात. दीड-दोन महिन्यांत बॅटरी तळाला जाते. तळाला गेलेली बॅटरी तशीच ठेवली की आतल्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो आणि मग ती चार्ज घेत नाही. ती फेकायची आणि नवी आणायची.

लोणावळ्यात हे दुखणं फार. बंगले मुंबईकरांचे, गाड्या हौसेच्या, आणि पावसाळ्याचे चार महिने त्या आच्छादनाखाली. एक निवृत्त गृहस्थ दर वर्षी नवी बॅटरी न्यायचे. "अहो, पण मी दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करतो!" असं दुखावल्या आवाजात म्हणायचे. त्यांना किती वेळा सांगितलं, की सेल्फ मारताना जेवढी बॅटरी जाते तेवढी पाच मिनिटांत परत भरत नाही, उलट रविवारागणिक ती जास्तच खाली जाते. मान डोलवायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायचे. परंदवडीच्या एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरचा चार्जर मोटरसायकलच्या बॅटरीला लावून ठेवला. दोन दिवसांनी ती गोणपाटात गुंडाळून आणली आणि झोपलेलं मूल ठेवावं तशी काउंटरवर ठेवली. "भाऊ, फुटंल का वो ही?" पुरीसारखी टम्म फुगली होती.

तर उभ्या गाडीला चार्जर लावून ठेवायचा, तो छोट्या ताकदीचा हवा. बॅटरी जेवढ्या अँपिअरची, त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा. आणि भरली की आपोआप हात आखडता घेणारा, म्हणजे नुसती धरून ठेवणारा. या दोन गोष्टी मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो. तिसरी गोष्ट मला एकतीस वर्षांच्या शेवटी शेवटी कळली, आणि ती एका बाईच्या पोटावर पाय देऊन कळली.

तिचं नाव चिमाबाई. पवना धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीवरची. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन गेलेली. लोणावळ्यात तुंगार्लीच्या बाजूला शिरोडकर म्हणून एका मुंबईकर साहेबांचा बंगला होता, तो ती नऊ वर्षं सांभाळत होती. मागच्या खोलीत राहायची, झाडलोट, बाग, पाहुणे आले की स्वयंपाक. वयाने माझ्याएवढीच असेल, पण मी तिला मावशी म्हणायचो आणि ती मला भाऊ म्हणायची.

शिरोडकर साहेबांची एक जड, परदेशी बनावटीची मोटरसायकल होती. जूनमध्ये ती बंगल्याच्या गॅरेजात उभी करायचे ती दसऱ्याला बाहेर काढायचे, आणि दर दसऱ्याला माझ्याकडून बॅटरी न्यायचे. एका जूनमध्ये म्हणाले, "असा चार्जर द्या, की लावला आणि विसरलो."

माझ्याकडे फळीवर त्या वेळी दोन होते. एक साधा, काळा डबा, एक दिवा आणि दोन वायरी. बटण नाही, काही नाही. दुसरा छान दिसणारा: आकडे दाखवणारी पट्टी, मोटार, मोटरसायकल, थंडीचे दिवस असे चार्जिंगचे प्रकार, ते निवडायला बटण. दोन्ही भरल्यावर आपोआप थांबणारे. साहेबांनी दोन्ही हातात घेऊन पाहिले आणि विचारलं, "तुम्ही कुठला घ्याल?"

मी आकड्यांचा दिला. का दिला? साहेब मोठे, गाडी मोठी, तिला काळा डबा शोभला नसता म्हणून. दुसरं कारण शोधून सापडत नाही. दुकानात दोन दिवस लावून तपासला होता, उत्तम चालला होता. माझ्या दुकानाला इन्व्हर्टर आहे, तिथे लाईट जात नाही. हे तेव्हा लक्षातच आलं नाही.

बंगल्यावर जाऊन मीच लावून दिला. बटण दाबून मोटरसायकलचा प्रकार निवडला, हिरवा दिवा लागला. चिमाबाई दारात उभी राहून बघत होती. जाताना तिला म्हणालो, "मावशी, याला हात लावायचा नाही. केर काढतानाही पिन काढायची नाही. काय?"

"न्हाई लावत," ती म्हणाली.

जुलैत एकदा ती दुकानात आली. भर पावसात, डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन. दुकानात दोन टेम्पोवाले होते, एकाची बॅटरी टेबलावर उघडी होती आणि माझ्या हातात पाना होता. ती पायरीवरच थांबली, पाणी आत येऊ नये म्हणून. तिथूनच म्हणाली, "भाऊ, त्या डब्याचा दिवा लाल झालाय. लाईट गेलती, ती आली, तवापास्नं."

मी मान वर न करता म्हणालो, "दिवा लागलाय ना?"

"लागलाय. पन लाल. आन्‌ मी काय म्हंते..."

"लागलाय म्हणजे चालू आहे. बॅटरी भरत असेल. हात लावू नका त्याला."

ती थोडा वेळ थांबली असावी. मी वर पाहिलं तेव्हा पायरीवर नुसतं पाणी होतं.

ही भेट मी विसरूनही गेलो. खोटं सांगत नाही, पार विसरलो. दिवसाला चाळीस माणसं काही ना काही विचारायची.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी साहेबांचा फोन आला. बॅटरी मेलीये, नवी घेऊन या. गेलो. साहेब व्हरांड्यात लालबुंद होऊन बसले होते, बाईसाहेब आतबाहेर करत होत्या आणि अंगणात कामाला आलेलं एक नवीन जोडपं ट्रंक उतरवत होतं. चिमाबाई कुठे दिसली नाही.

"परवाच काढून टाकली," साहेब म्हणाले. "चार्जरची पिन काढून तिथे काहीतरी दुसरं लावत असणार. शेगडी म्हणा, मोबाईल म्हणा. विचारलं तर म्हणते मी हात लावला नाही. वर तुमचं नाव घेते! म्हणते, दिवा लाल झाला म्हणून मी भाऊंना विचारून आले, ते म्हणाले बरोबर आहे. मी म्हटलं, तीस वर्षं या धंद्यात असलेला माणूस असं सांगेल? बॅटरी गेली त्याचं काही नाही हो. खोटं बोलली त्याचा राग आला."

मला तेव्हा ती पायरी आठवली, प्लास्टिकचा कागद आठवला.

गॅरेजात गेलो. जुनी बॅटरी काढली, नवी बसवली, चार्जर जोडला, बटण दाबलं. हिरवा लागला. मी हत्यारं गोळा करत होतो तेवढ्यात लाईट गेली. लोणावळ्यात जाते तशी, सहज. दहा मिनिटांनी आली. चार्जरचा दिवा लागला, पण लाल. आकड्यांची पट्टी कोरी. मी वाट पाहिली. पाच मिनिटं झाली, लालच. मग बटण दाबलं. आकडे आले, हिरवा झाला.

कळायचं ते कळलं. लाईट आल्यावर ते यंत्र नुसतं जागं होऊन बसत होतं, कुणीतरी बटण दाबेल म्हणून. तोवर एक थेंबसुद्धा चार्ज करत नव्हतं. जुलैत कधीतरी लाईट गेली आणि दसऱ्यापर्यंत ते तसंच लाल दिवा लावून बसलं होतं. आणि ज्या बाईने ते पाहिलं तिला मी हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. दोनदा.

साहेब दारात आले. "झालं? बघा, लावला की चालतो. म्हणजे पिन तिनेच काढली होती, बरोबर ना?"

मी म्हणालो, "असेल."

एवढंच. एक शब्द. त्या गल्लीतले सात-आठ बंगले माझी गिऱ्हाइकं होती. साहेबांनी एकाला सांगितलं असतं की बॅटरीवाल्याने चुकीचा माल दिला, तर ते सगळीकडे झालं असतं. तेव्हा एवढा हिशेब मी मनात केला का? बहुतेक नाही. तोंडातून ते आपोआप गेलं. नव्या माणसाला बाजूला घेऊन सांगितलं, लाईट गेली की नंतर हे बटण दाबत जा. आणि निघून आलो.

पुढे मी तिला शोधायला गेलो असं लिहिता आलं असतं. तसं झालं नाही. दसऱ्यानंतर धंद्याची गडबड असते, आणि गडबड नसती तरी मी गेलो असतो का, सांगता येत नाही. जेवताना कधीतरी ते "असेल" आठवायचं. बायकोने एकदा विचारलं, काय झालंय? म्हटलं, कंबर दुखतेय.

नोव्हेंबरात पवनानगरच्या पुढे एका कॅम्पवाल्याने बोलावलं, पाहुण्यांच्या तंबूंना लाईट देणारा त्याचा इन्व्हर्टर बसला होता. काम करून मी धरणाच्या बाजूला दगडावर बसलो होतो. मागून कुणीतरी चहाचा कप पुढे केला. वर पाहिलं तर चिमाबाई. कॅम्पवर भाकऱ्या थापायच्या कामाला लागली होती. शनिवार-रविवारचं काम, बाकीचे दिवस वाडीवर.

"बरं हाय का भाऊ?"

मी कप खाली ठेवला. आडवळणाने बोलणं मला जमत नाही आणि त्या दिवशी तर तेवढा धीरही नव्हता. सगळं सांगून टाकलं. लाईट गेल्यावर तो चार्जर थांबतो, हे मला दसऱ्यालाच कळलं. साहेबांनी विचारलं तेव्हा मी असेल म्हणालो. तुमचं काही चुकलं नव्हतं.

तिने पदराने हात पुसले. मागच्या चुलीवरून भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा उठून भाकरी उलटून आली आणि माझ्याशेजारी बसली.

"तुमाला दसऱ्यालाच म्हाईत झालं व्हय," ती म्हणाली. "आन्‌ आता काय म्हैना उलाटला."

"हो."

"म्या रडले न्हाई भाऊ तवा. काम काय, हितं बी मिळालं. पन साहेबांनी मला खोटारडी म्हनलं ते गल्लीतल्या समद्यांफुडं. फाटकात हुबं ऱ्हाऊन. शेजारचा माळी, पल्याडच्या बंगल्यातली सुमन, समदी ऐकत हुती. नऊ वर्सं किल्ल्या माज्याकडं व्हत्या. मी एक लिंबू इचारल्याबिगर तोडलं न्हाई."

"मी साहेबांना फोन करतो. आत्ता करतो."

"फोनवर नगं. तितं येऊन सांगा. ज्यांनी ऐकलं त्यांच्याफुडं."

मी कप तसाच ठेवून उठलो. पुढच्या रविवारी येतो म्हणालो, तेव्हा तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की याल तेव्हा खरं.

रविवारी दुकानाचा टेम्पो घेऊन तिला कॅम्पवरून आणली. अर्ध्या दिवसाची सुट्टी तिने मागून घेतली होती. बंगल्यावर पोचलो तेव्हा दहा वाजले असतील. साहेब पेपर वाचत होते. चिमाबाई आत गेली नाही. ती आधी शेजारच्या फाटकाशी गेली, माळ्याला हाक मारली, मग सुमनला. आणखी दोन बायका आल्या. साहेब उठून उभे राहिले. "हा काय प्रकार आहे?"

"साहेब, पाच मिनिटं गॅरेजात या," मी म्हणालो. "सगळ्यांनीच या."

नव्या माणसाकडून गॅरेज उघडून घेतलं. चार्जर चालू होता, हिरवा. मी म्हणालो, "हा आत्ता चार्ज करतोय. बघा." बोर्डाचं बटण बंद केलं. "लाईट गेली." थोडं थांबून चालू केलं. "लाईट आली." दिवा लागला, लाल. मी घड्याळ पाहत उभा राहिलो. सुमनने विचारलं, "आता काय होणार?" मी म्हणालो, "काही नाही. चार महिने उभे राहिलो तरी काही होणार नाही." मग चार्जरचं बटण दाबून हिरवा करून दाखवला.

"मावशींनी पिन काढली नव्हती. जुलैत त्या खरंच माझ्याकडे विचारायला आल्या होत्या. मीच त्यांना म्हणालो, बरोबर आहे, हात लावू नका. चूक माझी आहे, चार्जर मी चुकीचा दिला. या गाडीला तो बटण नसलेला काळा डबा द्यायला हवा होता. तो लाईट आली की आपला आपण सुरू होतो."

साहेबांनी वाकून तो दिवा पाहिला. मग मला म्हणाले, "दसऱ्याला मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तेव्हा माहीत होतं?"

"तुम्ही विचारायच्या आधी पाच मिनिटं कळलं होतं."

"मग?"

"घाबरलो," मी म्हणालो. "गिऱ्हाइकं जातील म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं त्यात राग कमी आणि कंटाळा जास्त होता. रागावले असते तर बरं झालं असतं. बाईसाहेब मात्र पुढे झाल्या, चिमाबाईचा हात धरून म्हणाल्या, "मावशी, आमचं चुकलं. परत या तुम्ही." साहेबांनीही मान हलवली. "हो. या."

चिमाबाईने अंगणात पाहिलं. नव्या जोडप्याची पोरगी शाळेचे मोजे दोरीवर वाळत घालत होती.

"नगं," ती म्हणाली. "त्यांनी पोरीचं नाव घातलंय हितल्या साळंत. माज्या कोंबड्या तेवढ्या ऱ्हायल्यात मागं, त्या घिऊन जाते."

तीन कोंबड्या आणि एक बांबूचं डालगं होतं. माळ्याने आणि मी मिळून ते टेम्पोत ठेवलं. सुमन आतून काहीतरी फडक्यात बांधून घेऊन आली आणि चिमाबाईच्या हातात दिलं. साहेब फाटकापर्यंत आले नाहीत. मी फळीवरचा काळा डबा बरोबर आणला होता, तो जोडून दिला आणि आकड्यांचा काढून घेतला. त्यानंतर साहेबांनी माझ्याकडून काही घेतलं नाही. बाकीच्या बंगल्यांपैकी तीन तुटले, उरलेले राहिले. धंदा काही बुडाला नाही. ज्या भीतीपायी मी तो शब्द बोललो, ती एवढीच होती.

पुढे दुकान सोडेपर्यंत मी कुठलाही चार्जर विकताना गिऱ्हाइकासमोर पिन काढून परत लावून दाखवायचो. लोक कंटाळायचे. कुणी म्हणायचं, भाऊ, उशीर होतोय. मी म्हणायचो, थांबा, एक मिनिट.

पण त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. परतताना टेम्पो दुधिवरे खिंडीच्या चढाला लागला होता. मागे कोंबड्या कलकलत होत्या. चिमाबाई शेजारी फडकं मांडीवर घेऊन बसली होती. मी विचारलं, "मावशी, त्या दिवशी दुकानात तुम्ही काहीतरी म्हणत होतात. मी म्हंते, म्हणून थांबलात."

"व्हय की."

"काय म्हणत होतात?"

"तेच," ती म्हणाली. "पयल्यांदा लाईट गेली, लाल झाला, तवा मी ते बटान दाबलं हुतं. तुमी लावताना दाबलेलं मी बघितलं हुतं ना. दाबलं तर हिरवा झाला. मंग भ्या वाटलं, तुमी हात लावू नगा म्हनलेलं. दुसऱ्यांदा लाल झाला तवा म्हनलं, भाऊंना इचारून येते, असंच दाबत जाऊ का. ते सांगायलाच आलते."

ती रागाने बोलत नव्हती. मी विचारलं म्हणून सांगत होती.

खिंड उतरून पवनेचं पाणी दिसू लागलं. जे मला दसऱ्याला कळलं ते तिला जुलैत कळलं होतं, आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर भिजत उभं राहून ती ते मला सांगत होती.